सतरावी बाहुली, पण सकाळपासून

नाटक लांबलं की मराठी प्रेक्षक चुळबुळतो म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. संगीत नाटकं रात्र रात्र चालायची आणि ती लांबवायचे ते 'वन्स मोअर' देणारे प्रेक्षकच. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी 'आविष्कार' या नाट्यसंस्थेतर्फे महेश एलकुंचवारांची वाडा त्रिनाट्यधारा सलग केली, जवळजवळ नऊ तास. ती पाहिलेली माणसं आजही त्या दिवसाचा विषय निघाला की खुर्ची पुढे ओढून बसतात. जेवणाच्या सुट्टीत कोण काय म्हणालं, हेसुद्धा त्यांच्या लक्षात असतं.

ऑस्ट्रेलियाकडे असं एक त्रिकूट आहे. नाटककार रे लॉलर यांचं. पण एलकुंचवार गोष्टीबरोबर पुढे गेले, लॉलर मागे गेले. १९५५ मध्ये मेलबर्नच्या युनियन थिएटरमध्ये 'समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल' आलं, तेव्हा त्यांनी थेट शेवटच लिहिला होता. त्यातल्या बार्नी या पात्राचं कामही त्यांनी स्वतःच केलं. आपल्या गल्लीतली माणसं आपल्याच हेलात बोलताना पाहून तिथले लोक खूश झाले. दोन वर्षांत नाटक लंडनला पोचलं. आणि मग वीस वर्षांनी लॉलरना वाटलं, या माणसांच्या तरुणपणी काय झालं ते सांगायला हवं. 'किड स्टेक्स' घडतं १९३७ मध्ये, 'अदर टाइम्स' १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता. १९७७ मध्ये मेलबर्न थिएटर कंपनीने तिन्ही नाटकं एकत्र आणली.

गोष्ट साधी आहे. रू आणि बार्नी सात महिने क्वीन्सलंडमध्ये ऊस तोडतात. उरलेले पाच महिने, ऐन उन्हाळ्यात, मेलबर्नच्या कार्लटन भागातल्या एमाच्या घरी येऊन राहतात. एमाची मुलगी ऑलिव्ह ही रूची, नॅन्सी बार्नीची. लग्नाचं नाव कुणी काढत नाही. दरवर्षी रू ऑलिव्हला एक क्यूपी बाहुली आणतो, जत्रेत मिळते तसली गुबगुबीत. (आपल्याकडे बीडहून ऊसतोडीला नवराबायको जोडीनेच जातात, बिऱ्हाड गाडीत टाकून. तेव्हा पाच महिन्यांच्या या चैनीची कल्पना करायला मला जरा वेळच लागला.) सतराव्या उन्हाळ्यात मात्र सगळं फिस्कटतं. नॅन्सी लग्न करून निघून गेलेली असते. तिच्या जागी ऑलिव्हने पर्ल नावाची विधवा आणून ठेवलेली असते. जॉनी डाउड या तरण्या पोराने फडात रूला मागे टाकलेलं असतं. खिशात पैसा नाही म्हणून रू रंगाच्या कारखान्यात नोकरी धरतो आणि ऑलिव्हला तेच सहन होत नाही.

मेलबर्नला जाऊन तिन्ही नाटकांचा सकाळपासून रात्रीपर्यंत सलग प्रयोग पाहणं काही माझ्याच्याने होणार नाही. म्हणून एका रविवारी मी तिन्ही नाटकं गोष्टीच्या क्रमाने वाचून काढली. नंतर लिहिलेली दोन कमअस्सल आहेत, आधीच्या नाटकाने मोघम ठेवलेलं उगाच उलगडून सांगतात, असं म्हणता येईल. 'अदर टाइम्स' वाचताना मलाही मधूनमधून घड्याळ दिसत होतं. तरीही ती हवीत, आणि ती नॅन्सीसाठी हवीत.

मूळ नाटकात नॅन्सी रंगमंचावर येतच नाही. तिच्याबद्दल नुसतं बोलणं होतं. ती कशी हसवायची, ती असती तर काय म्हणाली असती. एकटं नाटक पाहणाऱ्याची बैठक पर्लच्या शेजारी असते. तोही नवखा, तीही नवखी. पर्ल नाक मुरडून विचारते की याच का त्या सुखाच्या सुट्ट्या, आणि आपल्यालाही वाटतं, बाई म्हणते ते खरं आहे. सकाळपासून बसलेल्या प्रेक्षकाचं तसं होत नाही. त्याने दोन नाटकं नॅन्सीबरोबर काढलेली असतात. तिचे विनोद त्याने ऐकलेले असतात, तिचं बिनसत चाललेलंही पाहिलेलं असतं. रात्री पडदा उघडतो आणि तिच्या जागी ही परकी बाई बसलेली. शब्द तेच आहेत, पर्लचा मुद्दाही तितकाच बरोबर आहे, पण आता तिचा राग येतो. सूनबाईने पहिल्याच दिवशी सासरच्या भांड्यांना नावं ठेवावीत, तसा. लॉलरनी मूळ नाटकाला हात लावला नसता तरी बदललं असतं ते, कारण बदललाय तो प्रेक्षक.

नटांचंही तेच. सकाळी विशीपंचविशीतलं दिसायचं आणि रात्री चाळिशीचं. केसांना पावडर लावता येते, पण दोन नाटकं उभ्याने काढल्यावर तिसऱ्यात रूची जी पाठ दुखते, तिला फारसा अभिनय लागत नसावा. नेपथ्याची मात्र चंगळ. घर एकच, दिवाणखाना एकच, फक्त बाहुल्या वाढवत न्यायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्या मोजून लावणाऱ्या पोराची मला काळजी वाटते. सोळाच्या जागी पंधरा लागल्या तर पहिल्या रांगेतला कुणीतरी नक्की बोट ठेवणार.

नॅन्सीचं काम करणाऱ्या नटीने तिसऱ्या नाटकात काय करावं, हा प्रश्न उरतोच. व्यवहारी दिग्दर्शक तिलाच पर्ल करील. एक मानधन वाचेल, शिवाय समीक्षकांना लिहायला काहीतरी मिळेल. माझ्या हाती असतं तर मी तसं केलं नसतं. तिला तोंड धुवायला लावून, तिकीट देऊन प्रेक्षागृहात बसवलं असतं, सगळ्यांना दिसेल अशा जागी.