साडी लोळायला लागली होती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कराडजवळ छोटं क्लिनिक आहे, चौदा वर्षं झाली. कंबरदुखीचे पेशंट रोज आठ-दहा तरी असतात, त्यामुळे त्या सोमवारी एक आजी सुनेचा हात धरून आल्या आणि "म्याडम, तेवढा शेक द्या, कंबर लई धरलीया" म्हणाल्या तेव्हा वेगळं काही वाटलं नाही. वय ७१. पंधरा दिवसांपूर्वी पाण्याची घागर उचलताना पाठीत कट्ट झालं, गावात एकाकडून चोळून घेतलं आणि दुखणं आणखीनच वाढलं.

मशीन चालू करून मी त्यांना कॉटवर आडवं व्हायला सांगितलं. एका हाताने कॉटची कड, दुसऱ्या हाताने सुनेचा दंड घट्ट धरून, श्वास रोखून त्या इंच इंच खाली जात होत्या, अर्धा मिनिट तरी लागला असेल. साधी उसण भरलेलं माणूस असं झोपत नाही. मी त्यांना परत उठवून बसवलं, मणक्यांवरून मूठ हलकेच ठोकत वरून खाली आले, बरगड्या संपतात त्याच्या जरा खाली आले आणि आजी "आई गं!" करून कळवळल्या. मशीन बंद केलं.

विचारलं, "आजी, उंची कमी झाल्यासारखी वाटते का?"

"उंचीचं काय म्हाईत न्हाय, पर साडी लोळाय लागलीया. दोन वरीस झालं. निऱ्या कितीबी वर खोचल्या तरी पायात येत्यात. आन फळीवरचा गुळाचा डबा पैलं हाताला यायचा, आता सुनंला हाक मारती."

मला काळजात धस्स झालं. दोन वर्षं ही बाई रोज सकाळी निऱ्या वर खोचतेय आणि घरात कुणाच्याच हे लक्षात आलं नाही. दोन्ही हात पसरून टेप लावली, १५३ सेंटिमीटर. हे माप साधारण तरुणपणीच्या उंचीइतकं असतं. आत्ताची उंची भरली १४६. मग भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं केलं तर डोकं भिंतीला टेकेना, मध्ये माझी चार बोटं सहज मावली.

लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, संध्याकाळी दोघी एक्सरे घेऊन आल्या. दोन मणके चेपलेले! एक ताजा, घागरीचा. दुसरा त्याच्या वरचा, जुना, पुढून दबून पाचरीसारखा झालेला, आणि तो कधी मोडला हे आजींना माहीतच नाही. असं फार होतं, मणक्याच्या फ्रॅक्चरपैकी जवळजवळ दोन तृतीयांश कधी ओळखलीच जात नाहीत, वयाची कंबरदुखी म्हणून बाम लावून दिवस काढले जातात. आणि एक मणका चेपलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला वर्षाच्या आत दुसरा चेपतो, म्हणून पहिला सापडणं इतकं महत्त्वाचं आहे.

पण त्या दिवशी मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते पुढचंच. मी विचारलं, व्यायाम काही करता का. "व्हय की! रोज. नातवानं मोबाईलवर लावून दिलंय." आणि दाखवायला म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि पायाचे अंगठे धरायला वाकायला लागल्या, मी धावत जाऊन धरलं. रोज पंचवीस वेळा, वर्षभर, एक दिवस चुकवला नव्हता. कंबर लवचिक राहावी म्हणून.

हाडं ठिसूळ असताना असं पुढे वाकलं की सगळा भार मणक्याच्या पुढच्या बाजूवर येतो आणि तीच बाजू आधी चेपते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली ५९ बायकांवर अभ्यास झाला होता, सगळ्यांना ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना नवीन फ्रॅक्चर झालं, पुढे वाकणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांना. काहीच न करणाऱ्यांत ६७. म्हणजे चुकीच्या व्यायामापेक्षा नुसतं बसलेलं बरं ठरलं. वाकणाऱ्या गटात ९च बायका होत्या, अभ्यास छोटाच म्हणायचा, पण आजींना अंगठ्याकडे वाकताना बघितल्यावर मला तो छोटा वाटत नाही.

मग सुनेने पिशवीतून गोळ्या काढल्या. कॅल्शियम तीन वर्षं चालू, "ते तर कधी चुकवत नाहीत हो." पण थायरॉइडची, ॲसिडिटीची आणि कॅल्शियमची गोळी तिन्ही एकदम, सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, दोन्हींत चार तास तरी अंतर पाहिजे. आणि त्यांचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, त्याला पोटातलं ॲसिड लागतं, ते जेवणानंतरच घ्यायचं. व्हिटॅमिन डी कुणी तपासलंच नव्हतं, निघालं ९, म्हणजे फारच कमी. दूध कफ होतो म्हणून बंद, दुपारी चहा-बटर, डाळ नावाला. डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीचा, टी-स्कोअर उणे ३.४, उणे २.५ लाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. इतक्या खाली गेल्यावर नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही. हाडांच्या डॉक्टर सरांनी आधी डी भरून काढलं आणि मग हाडांची झीज रोखणारं, वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन दिलं. मी सुनेला तीनच गोष्टी सांगितल्या, नाचणीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, दही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट.

व्यायाम हळूहळू. आधी खुर्चीत ताठ बसून खांद्याची पाती मागे जवळ आणायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दुखणं उतरल्यावर पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपून छाती जराशी उचलायची. आणि वाकणं. पाठीला काठी लावली, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेलं ठेवून गुडघे जरा मोडून खुब्यातून वाकायचं. आठ दिवस काठी सुटत होती, नवव्या दिवशी टिकली तेव्हा आजींनी आधी सुनेकडे बघितलं.

आता चार महिने झालेत. भिंतीपाशी चाराची अडीच बोटं झालीत. गेलेली उंची मात्र येत नाही, डबा खालच्या फळीवर आलाय.

परवा त्या धाकट्या जावेला घेऊन आल्या. जाऊ म्हणते, मला काय दुखत न्हाय, ह्यांनीच ओढून आणलं. आजी तिच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "म्याडम, हिचीबी साडी लोळतीया बघा." भिंतीला उभं केलं. तीन बोटं. सरांच्या नावाने चिठ्ठी दिली आहे, अजून एक्सरे काढून आलेली नाही, उद्या फोन करणार आहे.