पॉम्पेईला एक अख्खा दिवस द्या, आणि दुसऱ्या दिवशी नेपल्समध्ये 'आपली' बाई बघून या

२०२५ च्या दिवाळीत आम्ही चौघं इटलीला गेलो होतो, मी, नवरा, आठवीतली लेक आणि माझी आई. माझं आजोळ धाराशिव जिल्ह्यातल्या तेरजवळचं, त्यामुळे पॉम्पेई, इटलीतलं राखेखाली गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर, हे नाव मला शाळेत नाही तर तेरच्या लामतुरे संग्रहालयात पहिल्यांदा कळलं. तिथे हस्तिदंताची एक छोटी बाई आहे आणि तिच्यासारखीच एक पार इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली असं मामाने सांगितलं होतं, ते डोक्यात इतकी वर्षं बसलेलं. रोम, फ्लॉरेन्स वगैरे सगळं झालं पण माझ्यासाठी ट्रिप होती ती या दोन दिवसांची, म्हणून नीट लिहिते, कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

पहिलं म्हणजे रोमहून एका दिवसात जाऊन येऊ हा विचार सोडा. लोक जातात, आपले टूरवालेपण नेतात, दोन तास फिरवतात, फोरमवर (म्हणजे शहराच्या मुख्य चौकात) ग्रुप फोटो आणि बसमध्ये परत. अहो ते शहर आहे, साधारण ६६ हेक्टरचं, त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश उकरलेलं आणि १७४८ पासून अजून काम चालूच. दोन तासांत काय दिसणार? आम्ही नेपल्सला दोन रात्री राहिलो आणि सकाळी ९ ला गेट उघडताना आत होतो ते चार वाजेपर्यंत, तरी बरंच राहिलं.

कसं जायचं: नेपल्सच्या मुख्य स्टेशनच्या खालच्या मजल्यावर गारिबाल्दी म्हणून स्टेशन आहे, तिथून सोरेंटोला जाणारी लोकल पकडायची आणि 'पॉम्पेई स्काव्ही - विला देई मिस्तेरी' ला उतरायचं, पाऊण तासाच्या आत पोचतो. पॉम्पेई नावाची अजून दोन स्टेशनं वेगळ्या लाइन्सवर आहेत त्यामुळे गाडीवर सोरेंटो लिहिलंय ना ते बघूनच चढा. गर्दी असते, पर्स पुढे घ्या, मुंबई लोकलची सवय असेल तर काही वाटणार नाही. उतरलं की समोरच पोर्ता मरिना गेट.

तिकीट ऑनलाइन आधीच काढा, कारण आता दिवसाला २०,००० लोकांनाच सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, पासपोर्टशी जुळायला हवं. आम्ही एका वेबसाइटवरून (अधिकृत नाही, मधल्या एजंटची) घेतलं त्यात आईचं आडनावच चुकीचं आलं, दोन दिवस मेलामेली करून दुरुस्त झालं, आईला तोवर झोप नाही. सरळ अधिकृत ठिकाणाहून घ्या. साधं तिकीट फक्त शहराचं, आम्ही गेलो तेव्हा १८ युरो, आणि २२ वाल्यात बाहेरचा विला ऑफ मिस्टरीजपण येतो. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, ती ठेवून घेतात.

आता बूट. जाड सोलचे स्पोर्ट्स शूजच घाला. रस्ते म्हणजे लाव्हाचे मोठमोठे काळे दगड, गुळगुळीत, आणि मधे गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल की लेकीची अख्खी मूठ आत गेली. आपण बोलताना चाकोरी चाकोरी म्हणतो ना, ती मी आयुष्यात पहिल्यांदा दगडात बघितली. रस्ता ओलांडायला मधे उंच दगड ठेवलेत, म्हणजे रस्त्यावर पाणी-घाण वाहत असली तरी माणूस कोरड्या पायाने पलीकडे आणि दगडांच्या फटीतून गाडीची चाकं बरोबर जायची. आईचे गुडघे दुखतात, तिला हे चढउतार जड गेले. नंतर कळलं की पियाझ्झा अम्फितेआत्रोच्या गेटने आत गेलं तर व्हीलचेअरसाठी केलेला तीनेक किलोमीटरचा सपाट रस्ता आहे. बरोबर वयस्कर माणूस असेल तर तिकडूनच जा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

पोर्ता मरिनाने गेलं की दहा मिनिटांत फोरम. मोकळं पटांगण, ज्युपिटरच्या देवळाचे उरलेले खांब आणि बरोबर मागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी. सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीपण काढला. पण तो डोंगर बघून जरा गप्प व्हायला होतं, इतका शांत दिसतो. इसवी सन ७९ मध्ये तो फुटला. २४ ऑगस्ट ही तारीख प्लिनी नावाच्या एका रोमन माणसाच्या पत्रामुळे सगळीकडे सांगतात, पण २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली १७ ऑक्टोबरची तारीख सापडली आणि कोळसा काही वर्षानुवर्षं टिकत नाही, म्हणून आता बरेचजण ऑक्टोबर मानतात. म्हणजे आम्ही फिरत होतो त्याच दिवसांत, अशाच उन्हात.

ऊन ऑक्टोबरातही लागतं बरं का, सावली जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी टोपी, सनस्क्रीन आणि सकाळचा पहिला स्लॉट, दुसरा विचारच नको. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, रस्त्यांवरच्या जुन्या दगडी हौदांना आता नळ आहेत, पाणी पिण्याचं आहे, रिकामी बाटली न्या आणि भरत राहा.

हा हौदच मला सगळ्यात जास्त आठवतोय. एका कोपऱ्यावरचा, चौकोनी, तोटीच्या दगडावर झिजलेला चेहरा कोरलेला, आणि त्याच्या कडेला दगड एका जागी खोलगट झालाय. लेक म्हणाली, "आजी, इथे हात ठेवून बघ ना." आईने हात टेकला, वाकली आणि तोंड आपोआप तोटीशी गेलं. रोज पाणी प्यायला वाकणाऱ्यांनी हात टेकून टेकून तो दगड झिजवलाय! आई म्हणाली, "अगं, आपल्या आडाच्या काठाला दोरीने घळी पडल्यात ना, तसंच की गं हे." आजोळच्या आडाला खरंच तशा घळी आहेत. ती तिथे पाच मिनिटं तशीच उभी होती, मागे लोक थांबले तरी.

घरं खूप आहेत, सगळी बघायला जाऊ नका. हाऊस ऑफ द फॉन मोठं आहे, जमिनीवरचं अलेक्झांडरचं मोझेक तिथली कॉपी, मूळ नेपल्सच्या म्युझियममध्ये. हाऊस ऑफ द व्हेट्टी २० वर्षं बंद होतं, जानेवारी २०२३ मध्ये उघडलं, भिंतींचे रंग बघून विश्वास बसत नाही, तिथे लाइन लागते म्हणून फोरमनंतर लगेच तिकडे जा. दारातच एक चित्र असं आहे की मुलं बरोबर असतील तर आधी मनाची तयारी ठेवा. काही घरं आलटून पालटून बंद ठेवतात, तुमचं एखादं बंद निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, शेजारचं बघा.

बेकरी मात्र चुकवू नका. भट्टी अगदी आपल्याकडच्या जुन्या पाव भट्टीसारखी, विटांची कमान, आणि अंगणात डमरूच्या आकाराची लाव्हाची जाती, गाढवं जुंपून फिरवायचे. मोडेस्टोची म्हणतात त्या बेकरीच्या भट्टीत ८१ पाव जळून कोळसा झालेले सापडले, आठ भागांत चिरा दिलेले गोल पाव, ते म्युझियममध्ये दिसतात. शिवाय कोपऱ्याकोपऱ्यावर खाण्याच्या टपऱ्या, दगडी कट्टा आणि त्यात पुरलेले रांजण. २०२० मध्ये पूर्ण उकरलेली एक रंगीत टपरी आहे, कट्ट्यावर बदकं आणि कोंबडा रंगवलेला, ती बघाच.

शेवटी गार्डन ऑफ द फ्युजिटिव्ह्ज. राखेत माणसं गाडली गेली, शरीरं कुजून पोकळी राहिली आणि १८६३ मध्ये तिथलं उत्खनन करणाऱ्या फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायची पद्धत काढली, त्यामुळे माणसं जशी पडली तशी दिसतात. इथे १३ जण आहेत, त्यात लहान मुलंपण. एक जण कोपरावर रेलून उठायला बघतोय असं वाटतं. आम्ही तिथे फोटो काढले नाहीत. एवढ्या जवळून कुणाचं मरण बघताना आवाज हळू ठेवावा, मोठ्याने हाका मारणारे ग्रुप बघून मला फार त्रास झाला.

विला ऑफ मिस्टरीज शहराच्या बाहेर दुसऱ्या टोकाला आहे, आई आणि नवरा बसून राहिले, मी आणि लेक जाऊन आलो. ती लाल खोली आणि माणसाएवढी चित्रं, पाय दुखत असले तरी जा.

खायला आत कॅफेटेरिया आहे, पण महाग आणि गर्दी. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. शुद्ध शाकाहारी लोकांसाठी नेपल्समध्ये मरिनारा पिझ्झा, त्यात चीजच नसतं, टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो, आईला तोच आवडला.

आता दुसरा दिवस. आमचा मूळ प्लॅन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी म्युझियममध्ये जाऊन ती मूर्ती बघायची असा होता, पण लक्ष्मीपूजन मंगळवारी आलं आणि नेपल्सचं पुरातत्त्व म्युझियम मंगळवारी बंद असतं. हे लक्षात ठेवा, मंगळवारी पॉम्पेई करा. आम्ही मग पाडव्याला गेलो. 'पॉम्पेई लक्ष्मी' तिथे 'गुप्त दालन' म्हणतात त्यात ठेवलीये, आजूबाजूला सगळी शृंगारिक चित्रं, त्यामुळे मुलांना न्यायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा. मी लेकीला आधी समजावून नेलं.

वीतभरापेक्षा थोडी उंच, हस्तिदंताची. कमरेला मेखला, गळ्यात भरपूर हार, हातापायांत कांकणांचे थरच्या थर, दोन बाजूंना दोन छोट्या दासी, त्यांच्या हातात प्रसाधनाच्या वस्तू. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडली. लक्ष्मी म्हणतात पण बरेच अभ्यासक यक्षी मानतात, आणि डोक्यावर भोक आहे त्यावरून ती एखाद्या फर्निचरचा पाय किंवा आरशाची मूठ असावी असं म्हणतात. तेर आणि भोकरदनला सापडलेल्या मूर्ती याच धाटणीच्या. तेर म्हणजे जुनं तगर, पेरिप्लस या ग्रीक पुस्तकात पैठण आणि तगरहून माल गाड्यांवर लादून भरूचला जायचा असं लिहिलंय, तिथून जहाजाने रोमन जगात. मी काचेला नाक लावून उभी होते आणि डोक्यात आदल्या दिवशीच्या त्या चाकोऱ्या. आईने चप्पल बाजूला काढली आणि हात जोडले. गार्ड बघत होता, काही बोलला नाही.

वेळ असेल तर त्याच लोकलवर एर्कोलानोला उतरून हर्क्युलेनियम बघा, त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं दुसरं शहर, लहान आहे, लाकूड आणि वरचे मजले टिकलेत, अर्धा दिवस पुरतो. आम्हाला जमलं नाही.

परत आल्यावर डिसेंबरात लेकीला तेरला नेलं. धाराशिवहून तासाभराच्या आत पोचता, गोरोबाकाकांचं दर्शन घ्या, जुनं त्रिविक्रम मंदिर बघा आणि संग्रहालय उघडं आहे का ते आधी गावात विचारून घ्या. तिथे लाइन नाही, गर्दी नाही. लेक काचेजवळ गेली आणि म्हणाली, "आई, हिचे दागिने बघ, सेम आहेत."