चकव्याच्या घरातलं जातं

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, दुपारच्या चहानंतर, माझ्या राक्षसाचं पितळ उघडं पडलं. नऊ टेस्टरांना ते जमलं नव्हतं, आमच्या टीमच्या प्रमुखाला, म्हणजे लीडला नाही, परदेशातल्या गिऱ्हाइकाला तर नाहीच. कप उचलायला आलेल्या मावशींना जमलं.

मी गेममधली घरं बांधते. ऑफिस पुण्यात, खेळ बाहेरच्या कंपनीचा, आणि त्यातला एक मुलूख आमच्याकडे आलेला: समुद्रालगतचा, पावसाचा, जांभ्या दगडाचा. नाव काल्पनिक, नकाशा काल्पनिक, पण फोल्डरमधले फोटो सगळे राजापूर, लांजा, देवगडकडचे. त्याआधी गिऱ्हाइकानं नमुन्याच्या चित्रांचा स्वतःचा बोर्ड पाठवला होता. त्यात जैसलमेरचे झरोके, केरळातली हाउसबोट आणि कुठल्याशा योगा स्टुडिओची भिंत होती. तो बोर्ड बाजूला सारायला चार मीटिंगा खर्ची पडल्या.

राक्षस आम्हीच सुचवला: चकवा. आजी सांगायची, चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या शेताला घिरट्या घालतो. लागलाय असं कळलं की चालायचं नाही, आहे तिथं बसून उजाडायची वाट बघायची. गोष्टीतल्या चकव्याला घर नसतं. आम्ही दिलं. रानात वाट चुकलेल्या खेळाडूला लांबवर दिवा दिसतो, दिव्याच्या उजेडात कौलारू घर, आत चुलीवर भात. भाताला हात लावला की खेळ संपला.

सोंग घेतलेला राक्षस ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. कागद आणि फासे घेऊन खेळायचा डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आला, आणि 1977 च्या त्यांच्या राक्षसांच्या पुस्तकात मिमिक नावाचा प्राणी अवतरला. तो पेटी किंवा दार होऊन बसतो, आणि हात लावणाऱ्याला चिकटवून घेतो. तेव्हापासून मुरलेला खेळाडू खजिन्याची पेटी उघडण्याआधी तिला एक फटका मारून बघतो. पेटीला आता कुणी फसत नाही. घराला फसतात, कारण घराला फटका मारावा असं कुणाच्या डोक्यात येत नाही.

अशा घराचा नियम एकच. खेळाडू मेला पाहिजे, पण मेल्यावर त्यानं कपाळावर हात मारून ‘अरे, दिसत होतं की!’ म्हटलं पाहिजे. नुसताच मेला तर तो शिव्या घालतो, आणि त्या रास्त असतात. म्हणून सोंगात एक खोट ठेवावी लागते. मी बरेच दिवस एवढाच विचार करत होते की चकव्याला काय माहीत नसेल. त्यानं माणसांची घरं पाहिलीत, पण रात्री, बाहेरून. तो रांधत नाही. म्हणजे चूल त्याला ठाऊक आहे, धूर ठाऊक नाही.

जुन्या कोकणी स्वयंपाकघरात चुलीच्या वर बघा कधी. वासे, रिपा, कौलांची आतली बाजू, सगळं काळं कुळकुळीत, डांबर फासल्यासारखं. उजेडासाठी बसवलेलं काचेचं कौलसुद्धा तपकिरी झालेलं. ती काजळी एका थराची नसते. तळाला कोरडी, मखमली, वर वर्षानुवर्षांच्या फोडण्यांची तेलकट तुकतुकी, आणि मध्येच एखादं कौल बदललेलं असेल तर तेवढाच तांबूस चौकोन. गावातल्या घरांसाठी ही काजळी मी चार दिवस रंगवली. कोरड्या थराचा खरखरीतपणा वेगळा, तेलकट थराचा वेगळा, दिवा हलला की चमक फक्त वरच्या थरावर सरकते. आजवरच्या माझ्या कामातलं ते सगळ्यात चांगलं काम आहे, आणि ते बघायला मान वर करावी लागते. चकव्याच्या घरातून ती पुसून टाकली. खाली चूल धडधडतेय, भात रटरटतोय, आणि वर वासे कालच रंधा मारल्यासारखे पांढरे. मला वाटलं, वा, काय खोट आहे!

कौलांवरून वेगळीच लढाई झाली होती. आर्टमधल्या एका पोरानं मंगलोरी कौलं घातली होती. मी म्हटलं, ती कारखान्यातली, 1865 मध्ये बासेल मिशननं मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासूनची. तलवारींच्या जमान्यात ती कुठून येणार? म्हणून हातानं थापलेली नळीची कौलं आली, एकेक किंचित वाकडं. दारांचंही तसंच. आमच्या खेळात कॅमेरा खेळाडूच्या पाठीमागे, डोक्याच्या जरा वर असतो. खऱ्या मापाची खोली बांधली तर तो भिंतीत तरी घुसतो, नाही तर वाशांत. त्यामुळे गेममधली दारं नेहमी अवाढव्य असतात, आमची 240 सेंटिमीटर. आजीच्या माजघराचं दार तर वाकल्याशिवाय ओलांडता यायचं नाही. ते वाकणं मला हवं होतं. लीड म्हणाला, “वाकवलंस की बग येणार.” बग आलाच. दार परत 240.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की मी निष्काळजी नव्हते.

प्लेटेस्टला, म्हणजे खेळ खेळून बघायला, नऊ जण बसवले. नऊच्या नऊ मेले. त्यातल्या आठांनी वर बघितलंच नाही. खेळाडू परक्या घरात शिरला की पहिल्या दहा सेकंदांत काय करतो? मडकी फोडतो. यजमान समोर उभा असला तरी फोडतो. माणसांबद्दलची माझी बरीच मतं प्लेटेस्टच्या काचेमागे बसून झाली आहेत. नववीनं वर बघितलं. फॉर्मवर तिनं लिहिलं: ‘छताचं टेक्स्चर लोड झालेलं नाही, चेक करा.’ म्हणजे छताचा रंगपोतच उमटलेला नाही, बग आहे, असं तिला वाटलं.

संध्याकाळी लीडचा निरोप आला: भिंतीवर रक्ताचे ओघळ टाक, म्युझिक जड कर. हा माणूस कामाला चांगला आहे, पण कुठलाही प्रश्न रक्तानं सुटतो अशी त्याची श्रद्धा आहे. दिवा लावून, भात शिजवून पाहुण्याची वाट बघणारा राक्षस भिंतीवर रक्त ठेवील का? मी उत्तर पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, चकव्याचं माजघर मोठ्या स्क्रीनवर लावून नुसती बघत बसले.

मावशी लांज्याकडच्या, पुण्यात येऊन वीस वर्षं झालेल्या. कप उचलता उचलता थांबल्या.

“हे कोणाचं घर, ताई?”

“तुमच्याकडचंच की, मावशी.” मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

त्यांनी बघितलं. “घर छान आहे. पण ह्यात कोण राहत नाय ना?”

मी खुर्चीतून उठलेच. नऊ जणांत कुणाला दिसलं नाही ते यांना दिसलं! “कशावरून? वाशांवरून ना?”

“वासे कुठं बघितले मी? जातं बघा ना.”

जातं भिंतीशी होतं. मीच ठेवलेलं. जात्याच्या खुंट्याला वर्षानुवर्षं हात लागून आलेला गुळगुळीतपणा दिलेला, तळीला टाकी लावल्याच्या खुणा दिलेल्या.

“दळणार कशी ती? हात भिंतीला घासंल.”

मला कळलं नाही हे त्यांना कळलं. ट्रे माझ्या टेबलावर ठेवून त्या दोन खुर्च्यांच्या मधल्या कार्पेटवर बसल्या. एक पाय लांब, एक दुमडलेला. न दिसणारा खुंटा धरला आणि फिरवला. हात पुढं गेला, मग अंग पुढं गेलं, मग कोपर बाहेर पडून मागं आलं, आणि माझ्या खुर्चीच्या पायाला लागलं. “एवढी जागा लागते. समोर दुसरी बसली तर तेवढीच तिकडं. आणि वैरणीचं सूप? ते डाव्या अंगाला पायजे.” त्यांनी न बघता डाव्या हातानं मूठ भरली आणि जात्याच्या तोंडात सोडली. चार वेढे फिरवले असतील. मग उठून स्वयंपाकघर दाखवायला सांगितलं. चुलीपासून फाटी चार पावलांवर. “दर खेपेला उठून आणणार काय?” चुलीचं तोंड भिंतीच्या कोनाकडे. “फुंकणी घेऊन बसायची कुठं?” पाण्याची कळशी सुंदर दिसत होती, उजव्या खिडकीतल्या उजेडात. तिथून ती उचलायला चूल ओलांडावी लागली असती. पाच मिनिटांत त्यांनी माझं घर रिकामं केलं.

जातं भिंतीशी का होतं, तर खेळाडूला चालायला मधली वाट मोकळी लागते. मध्ये काही ठेवलं की गावकऱ्यांची पात्रं त्याला अडकतात आणि जागच्या जागी चालत बसतात. म्हणून सामान सगळं कडेला, तोंड कॅमेऱ्याकडे. पण हे अर्धंच कारण. दुसरं असं की मी जातं भिंतीशीच पाहिलंय. मी वाढले कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. मे महिन्यात आजीकडे जायचे तेव्हा गावात गिरणी येऊन जमाना झाला होता, आणि जातं कोपऱ्यात सरकवून त्यावर कंदील ठेवलेला असायचा. फोल्डरमधले फोटो निम्मे होमस्टेचे. तिथंही जातं कडेला, वर झेंडूची फुलं. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी प्वात्वँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवून ठेवल्या आहेत. गावाच्या पार्श्वसंगीताची कल्पना यावी म्हणून त्यातल्या कितीतरी मी ऐकल्या होत्या. गाणारी बाई बसली कशी असेल, हे डोक्यात आलं नाही.

थोडक्यात, ज्यानं घर फक्त बघितलंय, वापरलेलं नाही, अशा कुणीतरी ते घर लावलं होतं. चकव्यासाठी लिहिलेली ती व्याख्या माझ्याच हातची, माझ्याच डॉक्युमेंटमध्ये, पान दोनवर होती.

मी मावशींना बरं वाटावं म्हणून (खरं तर मला) गावाचा सीन लावला. “हे बघा, हे खरं गाव. इथं माणसं राहतात.” अकरा घरं, सगळी मीच लावलेली. काजळी, कौलं, सारवलेलं खळं, सगळं जागच्या जागी. एका घराच्या आत गेलो. दुसऱ्या. तिसऱ्या.

“हे पण त्याचंच काय?” मावशींनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटलं की सगळं गाव चकव्याचं आहे.

चकव्याचं घर सोपं गेलं. जातं भिंतीशीच ठेवलं आणि त्याच्याभोवती पीठ पाडलं. दळताना पडतं तसं, गोल, पण सगळीकडे सारखं. भिंत आणि दगड यांच्यामध्ये दोन बोटांची फट आहे, त्या फटीतही तेवढंच पांढरंशुभ्र पीठ. हाताला फिरायला जागा नाही आणि पीठ मात्र पडलंय. लीडला दाखवलं तर तो बराच वेळ बघत राहिला आणि रक्ताचं काही बोलला नाही. दुसऱ्या टेस्टला नवे नऊ जण आणले. आठ तसेच मेले, पण त्यातले तिघे मेल्यावर परत येऊन जात्यापाशी उभे राहिले. नवव्यानं आधीच बघितलं होतं. खेळाच्या नोंदीत, लॉगमध्ये, तो 38 सेकंद जात्यासमोर उभा आहे, मग दारापर्यंत गेला, मग परत फिरला आणि भात खाल्ला. फॉर्मवर लिहिलं: ‘पीठ विचित्र वाटलं. पण भूक मीटर लाल होता.’

क्रेडिट्समध्ये मावशींचं नाव घाला म्हणून मी मेल टाकला. उत्तर आलं की हाउसकीपिंगचे लोक एजन्सीचे, आपल्या पेरोलवर नाहीत, नाव घालता येत नाही. ज्या बाईनं हे उत्तर लिहिलं तिच्या टेबलावरचा कपही मावशीच उचलतात. मी पुन्हा मेल टाकलाय.

गावाचं मात्र अवघड झालं. जातं मध्ये आणायचं तर चालायची वाट बदलते, वाट बदलली की पात्रांचे रस्ते नव्यानं काढायचे, एका घराला दोन दिवस. मला चार घरांपुरता वेळ मिळाला. ती चार मी मावशींना शेजारी बसवून लावली, रोज चहानंतर वीस मिनिटं, आणि त्यातल्या एका घरात चुलीसमोर पाट आहे, पाटाच्या उजवीकडे जमिनीवर फुंकणी आहे, ती कुणाला दिसणार नाही. उरलेल्या सात घरांचं काय करायचं, असं लीडला विचारलं. तो म्हणाला, जातं डिलीट कर. केलं. मग मी म्हटलं, या सात घरांतली माणसं भाकरीला पीठ कुठून आणतात? म्हणाला, गावात पाणचक्की आहे असं डॉक्युमेंटमध्ये लिहून टाक.

लिहिलंय. पाणचक्की अजून कुणी बांधलेली नाही.