अधिकातली माय

त्या घरात पाच माणसं आहेत, असं मी टॅबवर भरूनही टाकलं होतं. थोरली सून ओट्यावर बसून बोटांवर मोजत होती : आम्ही दोघं, मुलगा, सून, नातू. पाच. तेवढ्यात मागच्या दाराने एक म्हातारी आत आली, फडताळातल्या डब्यातून वाटीभर खसखस घेतली आणि आमच्याकडे न बघता आली तशी निघून गेली.

"ह्या कोण?"

"सासू ना आमची."

"मग त्यांचं नाव नाही सांगितलं?"

"आत्ता आमची पाळी नाही ताई."

ऑगस्ट २०२३, अमळनेर तालुक्यातलं बोरीकाठचं एक गाव. म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या एका पाहणीत मी अन्वेषक होते. देशात २०१७-१८ मध्ये 'लासी' नावाची मोठी पाहणी झाली, पंचेचाळीस वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून बहात्तर हजारांहून जास्त जणांची. आमची त्यापुढे चिमूटभर, पण साचा साधारण तोच. या कामात घर म्हणजे भिंती नव्हेत, चूल. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. आणि आमच्या पुस्तिकेप्रमाणे वर्षातले निदान सहा महिने तिथे राहणारा, तोच त्या कुटुंबाचा माणूस. प्रशिक्षणात हे वाक्य इतक्यांदा घोकून घेतात की झोपेतही म्हणता येतं.

आता हिशेब बघा. म्हातारीला तीन मुलगे, तिघांच्या तीन चुली, एकेक महिना एकेकाकडे. अमावस्या झाली की पत्र्याची पेटी पुढच्या दारात. तीन मुलगे आणि बारा महिने, म्हणून प्रत्येकाचे महिने कायमचे ठरलेले. थोरल्याकडे चैत्र, आषाढ, आश्विन, पौष. मधल्याकडे वैशाख, श्रावण, कार्तिक, माघ. उरलेले धाकट्याचे. कुणाकडेच सहा महिने होत नाहीत. म्हणजे तीन भरल्या घरांची ही आई पुस्तिकेप्रमाणे कुठल्याच कुटुंबात बसत नव्हती.

आणि त्या वर्षी श्रावण दोन होते. अधिक महिना मोजला तर सगळं चक्र एका घराने सरकतं : वैशाखातली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि श्रावणातली कानबाई देवी, दोन्ही मधल्याकडून धाकट्याकडे जातात. मधल्याला निज श्रावण हवा होता, कारण नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई त्याच्या घरी बसते आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांना आई लागतेच. सलग दोन महिने मात्र त्याच्या बायकोला जड होते. मग याही वेळी तोड तीच : अधिक धरायचाच नाही. तो महिना म्हातारी खळ्यातल्या खोलीत, म्हशीच्या शेजारी. पीठ, तेल, तांदूळ तिघांकडून. हे कुणी लपवून सांगितलं नाही. उलट थोरल्याने मला ते समजावून दिलं, आणि दिलं तेही किती नीट! खरं सांगते, ऐकताना मला त्यात खोट सापडेना.

मी खळ्यात गेले. दारावर आधी घरांची यादी करून गेलेल्या आमच्या मुलांनी खडूने नंबर टाकलेला नव्हता. गुरांचा गोठा म्हणून 'बिगर निवासी' लिहून ते पुढे गेले असणार. या मुलांना इमारतीमागे पैसे मिळतात, आत डोकावण्याचे नाही.

म्हातारी अनारसे तळत होती. थोरल्याचा जावई धोंड्याला येणार होता आणि तिन्ही सुनांपैकी एकीचाही अनारसा कढईत टिकत नाही, विरघळून जातो. पीठ तिचंच, तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचं. पिठाची गोळी खसखशीवर थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची, उलटायची नाही. झाऱ्याने कडेचं तूप वर उडवत राहायचं, जाळी पडेपर्यंत. मग अनारसा कढईच्या काठाला उभा टेकवायचा, तूप निथळायला. मी शेजारी पाटावर बसून विचारत होते, "स्वतःच्या हाताने गरम जेवण करता येतं का?" प्रश्न म्हाताऱ्यांना रोजची कामं जमतात का ते पाहणाऱ्या, १९६९ मधल्या लॉटन आणि ब्रॉडी यांच्या प्रश्नावलीच्या घराण्यातला आहे आणि तो जसाच्या तसा विचारावाच लागतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि एक अनारसा माझ्या हातावर ठेवला. मी 'हो, अडचण नाही' वर खूण केली.

वयाचं मात्र पुष्कळ खणावं लागलं. आधारवर १ जानेवारी १९५०, म्हणजे कुणीतरी काउंटरवर अंदाजाने ठोकलेली तारीख. खेड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जानेवारीला येतो की काय असं मला वाटायला लागलंय. आम्ही घटनांवरून वय काढतो. थोरला झाला तो चीनच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्ली तेव्हा धाकटा अंगावर पीत होता. आधार खरं मानलं तर हिला तेराव्या वर्षी मूल झालं. लग्न, न्हाण सगळं जुळवून मी अठ्ठ्याहत्तर धरलं. एसटीत पंचाहत्तरीपुढे तिकीट लागत नाही. ही तेव्हा आधारच्या हिशेबाने त्र्याहत्तरची, म्हणून अर्धं तिकीट काढून अमळनेरला डोळे दाखवायला जायची.

मग एकटेपणाचा प्रश्न. छापील मराठी तिच्यापर्यंत पोचेना, म्हणून अहिराणीत म्हटलं, "एकलं वाटस का माय?"

"एकलं कसाले वाटी? म्हैस शे ना." थोडं थांबून तिने चुलीकडे झारा दाखवला. "आठे मनी चूल शे." इथे माझी चूल आहे.

हा दुसरा पर्याय की तिसरा, मला आजही ठरवता आलेलं नाही. नवरा गेल्यापासून तिचा हा तिसरा अधिक. २०१८ चा ज्येष्ठ आणि २०२० चा आश्विन तिने इथेच काढला. तिने आनंदाने काढला असं मी लिहिणार नाही. पण मुलांच्या घरी असताना ती स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी बसून असते, हेही तिनेच सांगितलं.

संध्याकाळी सुपरवायझर सरांना फोन केला. ते म्हणाले, "सहा महिने होतात का? नाही ना, मग काढ." कुठे घालू विचारलं तर, "खोली यादीत आहे का? नाही? मग विषय संपला." सर वाईट नाहीत. तिन्ही घरांत तिला धरलं तर निवडीत यायची तिची संधी तिप्पट होते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं, हे मलाही कळतं. शिवाय दिवसाला चार मुलाखतींचं ओझं त्यांच्याही डोक्यावर होतं. मी शेऱ्याच्या चौकटीत सगळं लिहिलं, चौकट दोनशे अक्षरांत संपली. शेरे मुंबईत कुणी वाचत असेल तर त्याला माझा नमस्कार.

थोरल्याच्या घरी पाचच माणसं राहिली.

हे आत्ता लिहायला बसले, कारण यंदा, २०२६ ला, १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. ज्येष्ठ धाकट्याचा. मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो आणि खळ्यातल्या त्या खोलीवर पत्रे आहेत.