आमची वाटचाल : सतारीच्या गल्लीतून बेसच्या खोलीपर्यंत

आमचं वाद्यांचं दुकान मिरजेतलं. मिरज म्हटलं की लोकांना मिशन हॉस्पिटल नाहीतर सतार-तंबोरे आठवतात, २०२४ मध्ये तर इथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. आण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात दुकान टाकलं ते मात्र हार्मोनियम, तबला, ढोलकी आणि भजनी मंडळांचे टाळ-पखवाज यांचं. तंबोरा आम्ही बनवत नाही, पण बाहेरगावचं गिऱ्हाईक गल्लीतल्या कारागिरांकडे घेऊन जायचं काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे. तिथं जे बघितलं त्यावरच आज आमचा धंदा उभा आहे. गायक येऊन बसायचे, कारागीर जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, जरा घासणार, तार लावणार, तारेखाली सूत सरकवणार, दोघं ऐकणार, परत तार सैल करून घासणार, अख्खी दुपार जायची आणि "घेताय का नाही ते सांगा" असं कोणी कोणाला म्हणायचं नाही.

पुढं ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्ट्यांमुळं कीबोर्ड, ऑक्टोपॅड आले, मग कॉलेजची पोरं गिटार मागायला लागली. बेस गिटार, म्हणजे जाड तारांची खालच्या सुरांची गिटार, मात्र भिंतीवर एकच टांगलेली असायची आणि तिला जोडायला, आवाज मोठा करणारा, धड अ‍ॅम्प नाही. चर्चच्या क्वायरमधली पोरं यायची, तारा छेडून बघायची, आवाजच कळायचा नाही, आणि मग पुण्या-मुंबईला जायची. मुंबईत फुर्टाडोजसारखं १८६५ पासूनचं दुकान आहे, तिथं जाणं साहजिकच होतं. पण मिरजेहून बेस बघायला मुंबई गाठायची, रिझर्व्हेशन काढायचं, आणि तिथं घाईघाईत वाजवून ठरवायचं, हे मला बघवत नव्हतं.

म्हणून मागचं गोडाऊन रिकामं करून ट्रायलची खोली केली. नातेवाईक म्हणाले बेस कोण घेतंय मिरजेत, आण्णा एवढंच म्हणाले, "वाजवू दे की पोरांना. वाजवल्याशिवाय घेणार कसं?"

खोली करणं सोपं नव्हतं. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा ई हा सूर म्हणजे साधारण ४१ हर्ट्झ, त्या आवाजाची लाट आठ मीटरच्यावर लांब भरते, ती भिंतीला ऐकत नाही. पहिल्याच दिवशी स्टीलचं रॅक खडखडलं, खिडकीची काच वाजली, शेजारचे काका बघायला आले. रॅक बाहेर काढलं, खिडकीला जाड पडदे, भिंतीला गाद्या, अ‍ॅम्पखाली फोम. तरी खालचा आवाज पूर्ण अडत नाहीच, त्यामुळं दुपारी दोन ते चार मोठा आवाज बंद हे काकांशी बोलून ठरवलंय. आणि अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवायचा नाही हे तिथंच शिकलो, कोपऱ्यात सगळेच बेस भरदार वाटतात, स्टेजवर नेल्यावर गिऱ्हाईक फसतं.

आमच्याकडं बेस ट्राय करायची पद्धत ठरलेली आहे. आधी अ‍ॅम्प न लावता. पट्टा घालून उभं राहायचं, बसून नाही, कारण हात सोडला की काही बेसची मान (नेक) खाली जाते आणि दोन तास कार्यक्रम केला की डावा खांदा बोलतो. मग जाड तार पहिल्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) आणि शेवटच्या फ्रेटला दाबायची आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे बघायची, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी असली की ठीक. पावसाळ्यात आपल्याकडं लाकूड फुगतं, नेक हलते, म्हणून प्रत्येक बेस आम्ही अ‍ॅलन कीनं ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली वाक सांभाळणारी सळई, थोडा फिरवून, तारांची उंची लावूनच भिंतीवर टांगतो. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटला वाजवायची, कंटाळा येतो पण वाजवायचीच, बारक्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास कधी कधी सूर लगेच मरतो आणि ते घरी गेल्यावर कळून उपयोग नाही.

त्यानंतर अ‍ॅम्प. सगळे नॉब मधोमध, एकाच अ‍ॅम्पवर दोन बेस, मग एकच बेस दोन अ‍ॅम्पवर, म्हणजे आवाज कशाचा आहे ते कळतं. लिओ फेंडरनं १९५१ ला प्रिसिजन बेस काढला आणि १९६० ला जॅझ बेस, आजही बहुतेक कंपन्या या दोन्हींच्याच जवळपास फिरतात, म्हणून दोन्ही पद्धतीचे कायम ठेवतो. जॅझचा नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची तारा टेकायची पट्टी, ३८ मिलीमीटरच्या आसपास रुंद, बारीक बोटांना बरा, प्रिसिजनची नेक त्याहून रुंद, आवाज ठोस. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये आवाज घडवणाऱ्या आतल्या सर्किटसाठी नऊ व्होल्टची बॅटरी असते, वाजवून झालं की केबल काढा हे मी प्रत्येकाला सांगतो, नाहीतर बॅटरी उतरत राहते. आणि गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पवर जोरात बेस वाजवू नका, स्पीकर फाटतो. घरी १५-२० वॅट पुरतात, ड्रमसेट शेजारी असला की शंभराच्या खाली भागत नाही.

मागं एक मुलगी वडिलांबरोबर आलेली, बेस वाजवणाऱ्या मोहिनी डेचे व्हिडिओ बघून तिला बेसच पाहिजे होता. वडील म्हणाले, "अहो, हात केवढे हिचे, झेपेल का?" तिला ३० इंच स्केलचा, म्हणजे तारेची वाजणारी लांबी ३० इंच असलेला, शॉर्ट बेस दिला, मग नेहमीचा ३४ इंची दिला. पहिले चार फ्रेट वाजवताना दोन्हींत बोटं किती ताणली जातात हे तिनं स्वतः बघितलं, आणि ३४ च पाहिजे म्हणाली. आता ती चर्चमध्ये दर रविवारी वाजवते.

काही लोक इथं तासभर वाजवून ऑनलाइन घेतात, वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ट्रायलला पैसे लावले नाहीत आणि लावणार नाही. त्यातलेच बरेचजण नंतर सेटअपला, म्हणजे नेक आणि तारांची उंची लावून घ्यायला, तारा बदलायला आमच्याकडंच येतात, आणि धंद्याचा मोठा भाग आता तोच झालाय.

सध्या पाच तारांचा एक बेस आलाय, त्याचा सगळ्यात खालचा सूर बी ३१ हर्ट्झच्या आसपास जातो, तो छोट्या स्पीकरवर कळणारच नाही म्हणून त्यासाठी पंधरा इंची स्पीकरचं कॅबिनेट आणलंय. डावखुऱ्यांसाठी एक मागवलाय, महिनाभरात येईल. सकाळी अकराच्या सुमाराला या, तेव्हा खोली रिकामी असते, आणि स्वतःचा बेस असला तर तोही घेऊन या, दोन्ही शेजारी शेजारी वाजवून बघता येतील.