इंग्लंडमध्ये पॅरेंट गव्हर्नर झाले, त्याचा अनुभव

इथल्या बऱ्याच आपल्या मंडळींना वाटतं स्कूल गव्हर्नर म्हणजे पीटीएचंच दुसरं नाव, केक विकायचे आणि समर फेअरला उभं राहायचं. तसं काही नाहीये. पगार नाही, चार वर्षांची टर्म, आणि काम म्हणजे शाळेची दिशा ठरवणं, हेडला (मुख्याध्यापिकेला) जाब विचारणं, पैसा नीट खर्च होतोय ना ते बघणं.

मुलीच्या प्रायमरीतून जागा रिकामी असल्याचा ईमेल आला, नवरा म्हणाला नुसती कुरकुर करतेस त्यापेक्षा भर की फॉर्म. स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या, मी सरळ लिहिलं की अकाउंट्समध्ये काम करते. जागांपेक्षा उमेदवार जास्त झाले तर पालकांचं मतदान होतं, पण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, मग काय, बिनविरोध, फक्त गुलाल नव्हता :)

पुढे कागदपत्रं. एन्हान्स्ड डीबीएस चेक, म्हणजे गुन्ह्यांची नोंद आहे का ते बघणं (व्हॉलंटियरला फी नाही), सेक्शन १२८ चा चेक, म्हणजे शाळेच्या कारभारात भाग घ्यायला बंदी तर नाही ना ते बघणं, आणि एक फॉर्म, नवऱ्याचा धंदा शाळेला काही विकतो का, शाळेत कोणी नातेवाईक नोकरीला आहे का वगैरे. ही माहिती शाळेच्या वेबसाइटवर जाते, आधी माहीत असलेलं बरं.

खरी परीक्षा पहिल्या मीटिंगला. क्लार्क, म्हणजे गव्हर्नरांच्या मीटिंगचे कागद आणि नोंदी सांभाळणारा, आठवडाभर आधी कागद पाठवतो, हेडचा रिपोर्ट, बजेट, सगळीकडे नुसते शॉर्टफॉर्म. आपण वाढलो ते हेडबाई समोरून आल्या की भिंतीला चिकटायचं अशा शाळेत, आणि इथे हेडला नावाने हाक मारून विचारायचं की पैसे गेले कुठे! रिपोर्टमध्ये प्युपिल प्रीमियम होता, म्हणजे मुख्यतः गेल्या सहा वर्षांत कधीही फ्री स्कूल मील्ससाठी (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना शाळेत मिळणारं मोफत जेवण) पात्र ठरलेल्या मुलांचा निधी, २०२५-२६ ला प्रायमरीत दर मुलामागे १,५१५ पाउंड. बराचसा टीचिंग असिस्टंटच्या पगारात गेलेला. मी विचारलं, मग या मुलांचं वाचन बाकीच्यांच्या तुलनेत किती सुधारलं? सगळे गप्प. हेड अजिबात चिडली नाही, पुढच्या वेळी आकडे आणते म्हणाली, आणि क्लार्कने माझा प्रश्न मिनिट्समध्ये जसाच्या तसा घेतला. ऑफस्टेडवाले (शाळांची तपासणी करणारी सरकारी संस्था) आले की गव्हर्नर असे प्रश्न विचारतात का तेच बघतात म्हणे, नुसत्या माना डोलावणारे गव्हर्नर त्यांना चालत नाहीत.

डोक्याला ताप एकच, पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. नाव जाहीर झाल्या झाल्या मेसेज सुरू, होमवर्क जास्त होतंय सांग ना, अमुक टीचर ओरडते सांग ना. तुम्ही पालकांमधून निवडून येता पण पालकांचे वकील नसता, तक्रार असेल तर ती शाळेच्या तक्रार प्रक्रियेनेच जाते, स्वतःच्या मुलीची असली तरी. हे मी ग्रुपवर लिहिलं तर एकजण रुसल्यात अजून.

आणि हो, मेंटेन्ड (म्हणजे लोकल कौन्सिलच्या) शाळेच्या गव्हर्नरला कामावरून वाजवी सुट्टी मिळायचा कायदेशीर हक्क आहे, पण पगारी असेलच असं नाही, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी मॅनेजरशी बोलून घ्या.