वर्ल्डबिल्डिंग अपडेट: खाजणातलं मयत आणि पठारावर न येणारे पक्षी

आमच्या टेबलवर खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी मी एक काल्पनिक जग रचतोय. मागच्या वेळी त्याचा नकाशा, वारे आणि पिकं झाली होती, या वेळी फक्त मर्तिकाच्या रीती घेतल्यात. दोन कल्चर्स बऱ्यापैकी उभी राहिलीत, तिसरं म्हणजे डोंगरातले खाणवाले, त्यांच्या अजून जेमतेम चार ओळी झाल्यात म्हणून ते आज नाही.

मी सुरुवात देवाधर्मापासून करत नाही, आधी जागा बघतो. लाकूड मिळतं का, जमीन खणता येते का, मयताचं काम कोण करतं आणि खर्च कोणाच्या अंगावर पडतो. यात आता एक प्रश्न कायमचा ॲड केलाय: ही रीत कशाच्या जिवावर चाललीय आणि ते नाहीसं झालं तर हे लोक काय करतील?

हा प्रश्न सुचला तो मुंबईत मलबार हिलवर पारशांची अंत्यविधीची जागा आहे त्या डुंगरवाडीवरून. पारशांमध्ये अग्नी, पाणी, माती मृतदेहाने अपवित्र होऊ नये म्हणून देह दख्म्यात, म्हणजे वरून उघड्या गोल बुरुजात, गिधाडांसाठी ठेवतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते व्यवस्थित चाललं होतं. मग १९९० च्या दशकात गिधाडं भराभर मरायला लागली. कारण कुठलं, तर गुरांना द्यायचे ते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक! औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याच्या किडन्या निकामी होतात. काही जाती ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या, २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. मग दख्म्यांवर सोलर कॉन्सन्ट्रेटर (ऊन देहावर एकवटणारी उपकरणं) आले, काही कुटुंबं दहनाकडे वळली, त्यावरून समाजात वाद झाले. म्हणजे श्रद्धा तीच, प्रार्थना त्याच, आणि गोठ्यातल्या एका इंजेक्शनने सगळं हललं. सेटिंग, म्हणजे असं काल्पनिक जग, लिहिणाऱ्याने हे नीट बघायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

तर पहिले खाजणी. खाडीच्या तोंडाशी राहतात, तिवरांचं जंगल, मिठागरं, जमीन एवढी ओली की हातभर खणलं की पाणी लागतं आणि सुकं लाकूड मिळायची मारामार. म्हणून लव्हाळ्याच्या तराफ्यावरून देह समुद्रात सोडायचा. पण भरती-ओहोटीचं काय? भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, ओहोटीला जोर नसतो, तराफा तिवरांत अडकणार नाहीतर पुढच्या भरतीला परत दारात येणार, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची वाट बघायची आणि भरती ओसरायला लागली की लगेच सोडायचा. मधे कोणी गेलं तर आठवडाभरसुद्धा थांबावं लागतं, तोवर देह मिठात.

या थांबण्यातच मला सगळ्यात जास्त मजा आली. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांमध्ये मोठा विधी होईपर्यंत माणूस आजारी आहे असंच मानतात, घरात ठेवतात, जेवण वाढतात, आणि म्हशी-रेड्यांचा खर्च जमेपर्यंत महिने, कधी वर्षं जातात. माझ्याकडे त्या आठवड्यात मयताला 'मुक्कामी' म्हणतात, त्याच्याशी भांडता येतं, हिशोब मिटवता येतात, पण त्याच्यासमोर नवीन सौदा करायचा नाही. आणि मयताला लागलेलं मीठ विकता येत नाही, ते मिठागराच्या बांधात घालायचं. मीठ हीच यांची कमाई, म्हणजे प्रत्येक मरण थेट घरच्या मालातून वजा होतं.

हे कॅम्पेनमध्ये, म्हणजे आम्ही खेळतोय त्या सलग गोष्टीत, टाकून बघितलं. गावचा नाखवा भांगात मेला, आणि प्लेयर्सना एकच गोष्ट सांगितली की देहासाठी मिठाचं एक पोतं कमी पडतंय. थोरली सून म्हणे धाकट्याने द्यावं, धाकटा म्हणे बापाने मला मिठागर दिलंच कुठे, आणि मग आमच्या टेबलवर लढाई बाजूला राहिली अन् सगळे त्या पोत्यावरच बोलत बसले. शेवटी एकीने स्वतःच्या कॅरेक्टरचं विकायला आणलेलं मीठ दिलं, त्यामुळे ती आता त्या घरची सोयरी झाली, हा नियम मी तिथेच लिहून टाकला.

तराफा परत आलाच तर? इथे इनामगाव कामाला आलं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, ताम्रपाषाण काळातलं गाव, तिथे लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेलं सापडलं आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्याजवळ तोडलेले, बहुतेक त्यांनी परत चालत येऊ नये म्हणून. मी उलट केलंय. खाजणींमध्ये परत आलेल्याला समुद्राने नाकारलेला नाही तर घराने बोलावलेला मानतात, आणि त्याला रांजणांत घालून उंबऱ्याखाली ठेवतात. असं घर कधीच विकता येत नाही. यांची रीत मोडणार ती खाडीच्या तोंडावर बंदर बांधल्यावर, धक्क्यामुळे प्रवाह वळेल आणि तराफे एकामागून एक परत येत राहतील, मग गावातलं एकही घर विकता येणार नाही. बंदरवाल्यांना नेमकी तीच जमीन हवीय.

दुसरे पठारावरचे मेंढपाळ. खडक आणि झाडं नाहीत, त्यामुळे देह पक्ष्यांना, तिबेटसारखं. यांचं मी रीत मोडल्यानंतरचंच लिहितोय, पक्षी दोन पिढ्यांपासून येत नाहीत. इथे आपला दहावा डोक्यात होता. कावळा पिंडाला शिवेना की घरचे कसे एकेक वचन द्यायला लागतात, धाकटीचं लग्न करून देऊ, शेत विकणार नाही, आणि तरी नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. रीतीच्या आतच तिची अडचणीतली सोय करून ठेवलेली असते, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पठारावर लोकरीचा पक्षी करतात, पण तो कोणी करायचा यावरून दोन तट आहेत, कारण जो करेल त्याला मयताच्या घरची वचनं ऐकायचा हक्क मिळतो, आणि वचनं ऐकणारा माणूस पठारावर हळूहळू न्यायाधीश होऊन बसतो.

त्यांच्या स्मारकाच्या शिळा मात्र सरळ आपल्या वीरगळांवरून (लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव शिळा) घेतल्यात, खालून वर वाचायच्या: तळाला लढाई, वर अप्सरा वीराला नेतायत, त्यावर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर तर अख्खं नौकायुद्ध कोरलंय, ओळीने वल्ही दिसतात, जवळ असाल तर बघून याच. माझ्या शिळेत तळाला मरण, मधे दिलेली वचनं आणि माथा कोरा, वचन पाळलं की घरच्यांनी तिथे चंद्र कोरायचा. त्यामुळे पठारावरून चालत जाताना कोणत्या घराने काय पाळलं नाही ते प्लेयर्सना विचारावंच लागत नाही.

आता खाणवाल्यांचं. खाण कोसळून देहच सापडला नाही तर काय, यावर मी अडकलोय. देहाच्या जागी हत्यार पुरणं पटत नाहीये, त्यांच्याकडे लोखंड महाग आहे आणि हत्यार पोराला लागतं. कोणी न सापडलेल्या माणसांची रीत लिहिली असेल तर खर्चाचं गणित कसं बसवलं तेवढं सांगा.